कूर्माची थंडी : घरातील कासवाचे पोट आणि आपली जीवदया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्याआधीच्या वक्त्यांनी तीर्थक्षेत्रे, शिक्षण आणि समाजसंघटन यांवर आपले विचार मांडले. मला मात्र कासवाच्या पोटाविषयी बोलायचे आहे. निवेदकांनी विषय जाहीर केला तेव्हा काही चेहऱ्यांवर उमटलेले स्मित मी येथून पाहिले. त्याबद्दल तक्रार नाही. माझी सारी हयात वऱ्हाडातील गाई, बैल आणि म्हशींच्या सेवेत गेली. कासव हा आपला विषय होईल असे मलाही कधी वाटले नव्हते. पण गेल्या काही वर्षांत पांजरापोळच्या दारी खोक्यात घालून आणलेली कासवे मी पाहिली. ती बहुतेक डिसेंबर-जानेवारीतच येतात आणि आणणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "डॉक्टरसाहेब, दिवाळीपासून काही खात नाही."

आपल्या समाजात कासवाविषयी एक विशेष आदर आहे. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रत यांचे लांछन कूर्म आहे. पैठणला दर्शनास जाऊन आलेल्यांना त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. ज्ञाताधर्मकथा सूत्रात चौथे अध्ययन कूर्माचे आहे. त्यात दोन कासवे आणि दोन कोल्हे आहेत. एका कासवाने उतावळेपणाने पाय बाहेर काढले आणि त्याचा घात झाला. दुसरे अवयव आवरून स्थिर राहिले आणि वाचले. लहानपणापासून ही कथा ऐकलेली असल्यामुळे अंग आवरून बसलेले कासव दिसले की आपल्या मनात संयमाचे चित्र उभे राहते. कथेतील तत्त्वाशी माझा वाद नाही. परंतु पौषातल्या थंडीत जिन्याखाली अंग आवरून बसलेले कासव संयमी नसते, गारठलेले असते. हा फरक मला एका जिवाचे मोल देऊन कळला.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरावतीच्या जुन्या वस्तीतील एका सुखवस्तू घरी मला बोलावणे आले. घरात पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले कासव होते. आपण त्याला तारा कासव म्हणतो. कोणा नातलगाने दूरच्या प्रवासातून ते आणले होते आणि घरातील वृद्ध माताजी त्याला नातवासारखे जपत. महिना डिसेंबरचा. कासवाने आठ-दहा दिवस तोंडाला काही लावले नव्हते. मी नुकताच नोकरीला लागलेला. कासव हातात घेण्याचा तो पहिलाच प्रसंग, पण तसे कबूल करण्याचे धैर्य अंगी नव्हते. कासवे हिवाळाभर झोपतात, असे एका इंग्रजी पुस्तकात वाचलेले आठवले आणि मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "माताजी, काळजी करू नका. ही त्याची शीतनिद्रा आहे. कापसात गुंडाळून खोक्यात ठेवा, होळीला उठेल." त्यांनी तसेच केले. संक्रांतीच्या आधी खोक्यातून दुर्गंध येऊ लागला.

शवविच्छेदनाची परवानगी मागताना माझी मान वर होत नव्हती. माताजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या एखाद्या जिवाच्या कामी येत असेल तर करा." उघडून पाहिले तेव्हा मोठे आतडे आंबलेल्या पिठाने तुडुंब भरलेले होते. दिवाळीतले पोळीचे तुकडे, दूधभात, पेढ्याचा चुरा, सारे तसेच होते. फुगलेल्या आतड्याने फुप्फुसांना दाबले होते. ते झोपेत गेले नव्हते. जागे असून हलता न येण्याच्या स्थितीत, पोटात सडणाऱ्या अन्नाने गेले होते. आज मी जे सांगणार आहे ते सारे त्या खोक्यापासून सुरू होते.

चूक कोठे झाली? मी वाचलेले पुस्तक खोटे नव्हते, ते दुसऱ्या कासवाविषयी होते. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८९ मध्ये आपल्या सेलबर्न गावच्या निसर्गावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात टिमथी नावाचे कासव नोव्हेंबरमध्ये स्वतःला मातीत पुरून घेते आणि वसंतात वर येते, याचे मोठे बारकाईचे वर्णन आहे. (हा टिमथी प्रत्यक्षात मादी होता, हे मागाहून उमगले. तिचे कवच आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.) ते कासव भूमध्य समुद्राच्या परिसरातले. त्या जाती खरोखरच शीतनिद्रा घेतात. आपले तारा कासव गुजरात-राजस्थानचे कोरडे रान, दक्षिणेतील झुडपी प्रदेश आणि श्रीलंका येथले. थंडीत ते मंदावते, झुडपाखाली दडते, पण तशी दीर्घ शीतनिद्रा घेत नाही. विलायतेतील सल्ला त्याला लावणे म्हणजे सिमल्याची दुलई अकोल्याच्या मे महिन्यात पांघरणे होय.

आता पोटाकडे वळू. गाईचे पोट आपणा सर्वांना ठाऊक आहे. चारा आधी मोठ्या कोठीत पडतो, तेथे सूक्ष्मजीव तो आंबवतात, गाय रवंथ करते. तारा कासवही मुख्यतः गवत-पाला खाणारे. पण त्याची आंबवण्याची कोठी पुढे नसून मागे, मोठ्या आतड्यात असते, घोड्यासारखी. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. गाय आपली ऊब स्वतः निर्माण करते. बाहेर कितीही हिव पडो, तिच्या पोटातील भट्टी अडतीस अंशांच्या वरच असते. कासवाला स्वतःची भट्टी नाही. त्याची ऊब उन्हाकडून उसनी घेतलेली. ऊन गेले की पोट थांबते, सूक्ष्मजीव सुस्तावतात आणि अन्न जेथल्या तेथे राहते. गाय जे दोन-तीन दिवसांत निकालात काढते त्याला कासवाला ऊब असतानाही आठवडा-पंधरवडा लागू शकतो. थंडीत तर हिशेबच नको.

आपल्या वऱ्हाडाचा हिवाळा फसवा आहे. दुपारी अंगणात पंखा हवासा वाटतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. कासव दुपारी उन्हात हुशारते, चालते. आपण आनंदून त्याला पोटभर वाढतो. सायंकाळी ते फरशीवर जाते आणि रात्रभर ते भरलेले पोट थंड पडते. रोज असे झाले की विघ्न ठरलेले. म्हणून क्रम ध्यानात ठेवा : आधी ऊब, मग पाणी, सर्वांत शेवटी अन्न. आपण नेमके उलटे करतो. खात नाही असे दिसले की त्याच्या आवडीचे गोड पुढे करतो. ऊब देता येत नसेल त्या दिवशी वाढू नये. मात्र हा उपवास म्हणजे उपचार नव्हे. ऊब देण्याची व्यवस्था त्याच दिवशी झाली पाहिजे.

ती कठीण नाही. लाकडी पेटी घ्यावी, तळाशी कोरडा पाला किंवा बारीक केलेला कडबा. एका टोकाला वरून उष्णता देणारा सिरॅमिकचा गोळा लावावा, दुसरे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे कासव आपली जागा आपण निवडते. सिरॅमिकचा अशासाठी की तो प्रकाश देत नाही. साधा बल्ब रात्रभर लावला की त्यावर पतंग-किडे जमतात आणि एका जिवासाठी शेकडोंची हिंसा आपल्याच घरी घडते. एका सुश्राविकेने हा प्रश्न मला विचारला होता, तोवर माझ्या ते लक्षातही आले नव्हते. पेटीत कासवाच्या पाठीच्या उंचीवर तापमापक लावावा. उबेच्या टोकाला दिवसा तीस ते पस्तीस अंश आणि रात्री कोठेही वीसच्या खाली नाही, इतके साधले म्हणजे पुरे. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. कासव तापलेल्या वस्तूवर बसून भाजते, तरी त्याला उशिरा कळते, म्हणून खालून शेक देऊ नये. बंद खोलीत शेगडी तर मुळीच पेटवू नये. त्यात कासवाबरोबर माणसेही जातात.

सकाळी साडेआठ-नऊनंतरचे ऊन त्याला मिळालेच पाहिजे, आणि ते उघड्यावरचे. काचेतून आलेले ऊन ऊब देते, पण कवच घडवणारा किरण काच अडवते. अर्धी जागा सावलीची असू द्या. उन्हातून पळण्यास वाट नसेल तर हिवाळ्यातही कासव तापून मरू शकते.

मग पाणी. पसरट परातीत गाळलेले कोमट पाणी, मनगटाला सुखद वाटेल इतके, उंची कवचाच्या खालच्या काठापर्यंतच. त्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे बसवावे. ते पाणी पिते आणि बहुधा तेथेच विष्ठा करते. तोंड वेडेवाकडे करू नका, त्या परातीत पाहायला शिका. त्याची अर्धी प्रकृती तेथे लिहिलेली असते. विष्ठा आकारबद्ध आणि तंतुमय असावी. पातळ असेल, आंबूस वास येत असेल, पानांचे तुकडे जसेच्या तसे पडत असतील तर ऊब अपुरी, आहारात गोड फार किंवा जंत आहेत. सोबत पडणारा पांढरा भाग पेस्टसारखा मऊ असावा. खडूच्या चुऱ्यासारखा खरखरीत झाला की पाणी कमी पडते आहे असे समजा. याकडे दुर्लक्ष झाले तर पुढे मूत्राशयात खडा धरतो. आंघोळीनंतर अंग पुसून उबेच्या टोकाशी सोडावे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत टिपावे. डोळ्यांना कासव दोन महिने तसेच दिसते, वही आधी सांगते.

आणि अन्न? येथे मला आपल्या घरांविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. पोळी, भात, दूध, ब्रेड, बिस्कीट, फरसाण, प्रसादाची बुंदी, यांतले काहीही त्याच्या पोटासाठी घडलेले नाही. पिष्ट आणि साखर मोठ्या आतड्यात गेली की तेथले सूक्ष्मजीव बिघडतात, वायू धरतो. त्याला तंतू हवेत. हराळी आणि इतर कोवळे गवत, जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाची फोड, थोडा शेवग्याचा पाला. पालक नेमाने नको, त्यातील आम्ल कॅल्शियम धरून ठेवते. फळ कधीतरी बोटाच्या पेराएवढे. गाजर-बीट हवेच असे कोणी सांगितले तर निश्चिंत असा, जमीकंदावाचून त्याचे काहीही अडत नाही.

अनेक घरी अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी आणत नाहीत. त्या नियमाविषयी मला आदर आहे, माझ्याही घरी तो पाळला जातो. पण त्या दिवशी हिरवा पाला नाही म्हणून कासवापुढे दूध-पोळी ठेवली जाते, हे मी पाहिले आहे. तिथीचा नियम आपण घेतलेला आहे, कासवाने नव्हे. मन मानत नसेल तर सावलीत वाळवलेले गवत आधीच भरून ठेवा आणि किंचित ओलावून द्या. एका बाबतीत मात्र कासव आपल्याहून नेमस्त आहे. सूर्यास्तानंतर ते अन्नाला शिवत नाही. म्हणून जे वाढायचे ते सकाळी ऊन चढल्यावर वाढावे, म्हणजे पुढचे चार-सहा तास पोटाला ऊब मिळते.

कवचासाठी कॅल्शियम लागते. दुकानदार समुद्रफेन देतो. तो समुद्रातील एका प्राण्याच्या शरीराचा भाग आहे, हे ठाऊक असू द्या. औषध दुकानातील साधे कॅल्शियम कार्बोनेटचे चूर्ण चिमूटभर पाल्यावर भुरभुरले की काम होते. पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही नको, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. दिवाळीत कवचाला तेल-उटणे लावण्याची हौसही आवरा.

औषधांविषयी थोडेच, पण जपून ऐका. गुरांना आणि कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन सर्रास दिले जाते, ते पांजरापोळच्या कपाटातही असते. कासवासाठी ते विष आहे. गुरांचा अनुभव आहे म्हणून कोणी ते टोचू लागला, अगदी माझ्यासारखा जुना डॉक्टर असला तरी, त्याचा हात धरा. कुंथणाऱ्या कासवाला एरंडेल पाजू नका. मादी असेल तर ती अंडी अडल्यामुळेही कुंथते आणि हा भेद क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. नाकातून बुडबुडे, उघड्या तोंडाने श्वास, मान ताणून धरणे, ही फुप्फुसाची लक्षणे. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नाही, खोकून कफ टाकता येत नाही. तेथे घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे.

बंधू-भगिनींनो, आता ज्यासाठी मी मुळात उभा राहिलो ते सांगतो. इतका वेळ मी जी काळजी सांगितली ती आजारी जिवाला वाचवण्यासाठी होती, कासव पाळण्याचे आमंत्रण म्हणून नव्हे. तारा कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलेच होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत गेले. तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून बंदीचे सर्वांत कडक बंधन आहे, कारण पिशव्यांत आणि बॅगांत कोंबून ही कासवे हजारोंनी परदेशी जात. वाटेत किती मरतात ते त्या बॅगा उघडणाऱ्यांना विचारा. 'वीस नखांच्या कासवाने धनवर्षाव होतो' या अंधश्रद्धेपायी जाणाऱ्या बळींची गोष्ट वेगळीच. भाग्यासाठी कासव हवेच असेल तर ताटलीतील पितळेचे ठेवा. त्याला हिवाळा बाधत नाही.

पाण्यातल्या कासवाचा प्रश्न आपल्यासाठी आणखी अवघड. आपल्या तळ्या-विहिरींत आढळणारे पाणकासव मासे, गोगलगायी, बेडूक खाते. आपल्या घरात आपण त्याला ते देऊ शकत नाही, देणारही नाही. आणि चुरमुऱ्यांवर ठेवले तर तीही हिंसाच, केवळ सावकाश होणारी. ज्या जिवाला त्याचे अन्न आपण देऊ शकत नाही त्याला घरी आणण्याचा आपल्याला अधिकार कोणता?

जीव सोडवण्याच्या पुण्याईविषयीही बोलतो, रोष पत्करून. पर्युषणात किंवा वाढदिवसाला बाजारातून कासव विकत घेऊन तळ्यात सोडणारी मंडळी भावनेने निर्मळ असतात, यात शंका नाही. पण विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले की तो दुसऱ्या दिवशी दोन पकडून आणतो. आणि तारा कासव जमिनीवरचे आहे, त्याला पोहता येत नाही. मंदिराच्या कुंडात त्याला सोडताना टाळ्या वाजतात, ते बुडते तेव्हा तेथे कोणी नसते. लाल कानाचे विलायती कासव सोडाल तर ते जगेल, पण आपल्या तळ्यातील देशी कासवांचे अन्न आणि जागा घेईल. घरी वाढलेले तारा कासव पोहऱ्याच्या जंगलात नेऊन सोडणेही योग्य नाही. ते कोणत्या प्रदेशातले, अंगात कोणता रोग घेऊन आहे, हे तपासल्याशिवाय रानातल्या जिवांत मिसळू नये. केरळातील चिन्नार अभयारण्यात जप्त केलेल्या तारा कासवांना टप्प्याटप्प्याने रानाची सवय लावण्याचे काम झाले आहे. ते जाणकारांचे काम, आपल्या सहलीचे नव्हे.

तेव्हा कोणाच्या घरी कासव असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते रीतसर त्यांच्या स्वाधीन करावे. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल, कायद्याची भीती वाटत असेल, तर समाजातील वकील मंडळींचा सल्ला आधी घ्या. सोबत मी येईन. हे मी व्यासपीठावरून बोलतो आहे, म्हणजे मागे फिरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात असाच एकांसोबत गेलो होतो. कासव त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या काळापासून होते. आधी चार दिवस त्याला उबेच्या पेटीत ठेवले, रोज परातीत बसवले. तिसऱ्या दिवशी परातीत विष्ठा पडली, चौथ्या दिवशी त्याने जास्वंदीचे एक फूल खाल्ले. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "आता बरे झाले आहे, मग राहू द्या ना." मी काही बोललो नाही. त्यांच्या पत्नीने पेटी उचलून गाडीत ठेवली. वन कर्मचाऱ्याने वजन केले, कवच तपासले, नोंद केली. परतताना ते बराच वेळ गप्प होते. मग बडनेऱ्याजवळ त्यांनी विचारले, तिथे रात्री ऊब देतात ना? मी म्हणालो, विचारून घेतले आहे, देतात.

ती पेटी, तापमापक आणि सिरॅमिकचा गोळा आज बाहेर भोजनमंडपाशेजारच्या मेजावर मांडून ठेवला आहे. पेटी रिकामी आहे. पांजरापोळसाठी अशा दोन पेट्या करून देण्याचे एका सद्गृहस्थांनी आताच मान्य केले आहे, मापे मी त्यांना लिहून देतो. जय जिनेंद्र.